दारातून परत जाणारी माणसं

मी तोंडाळ बाई आहे. रिक्षावाला असो, गॅसवाला असो, नाहीतर पोरीच्या शाळेतला क्लार्क असो, माझं कुणाशीही दोन मिनिटांत वाजतं. नवरा म्हणतो, हिला सकाळी भांडायला कुणी सापडलं नाही तर हिला चहा गोड लागत नाही. म्हणूनच जिथं तोंड उघडायलाच पाहिजे होतं, नेमकं तिथं ते कसं काय बंद राहिलं, हे मला अजून उमगलेलं नाही. उमगलंय खरं तर. कबूल करायला जड जातं, एवढंच.

माझं काम घरबसल्याचं. पडेगावात आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी लोकांच्या वेबसाइटी बनवते. मोठ्या कंपन्या माझ्याकडं येत नाहीत. माझी गिऱ्हाइकं म्हणजे मंगल कार्यालयवाले, शिकवणीवाले, रोपवाटिकावाले, बोअर मारणारे. साइट दिसायला कशी झालीय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. फोन केला की एकच सवाल असतो, "ताई, आपण वर कधी येणार?" वर म्हणजे सर्चमध्ये वर. माणसानं मोबाईलवर "लग्नाचा हॉल" टाइप केलं की पहिलं नाव यांचंच दिसलं पाहिजे. त्यातही आमच्या शहराची गंमत अशी की निम्मे लोक जुन्या नावानं शोधतात, निम्मे नव्या नावानं. त्यामुळं दोन्ही नावं पानात बेमालूम पेरावी लागतात आणि कुणाला राग येऊ नये हेही बघावं लागतं.

वर येण्याची कारणं पुष्कळ असतात. त्यातलं एक मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगते. माणूस तुमच्या पानावर आला, की तिथं काय करतो? थांबतो का, खालपर्यंत वाचतो का, दुसरं पान उघडतो का? की आला तसा लगेच मागं फिरून यादीतल्या दुसऱ्या कुणाच्या पानावर जातो? बरेच जण असे मागं फिरायला लागले, तर सर्चवाल्यांना वाटू शकतं की या पानात दम नाही. मग ते खाली ढकललं जातं. आता याचा खरंच किती फरक पडतो, हे बाहेरच्या कुणालाच धड माहीत नाही. आमच्या धंद्यातले काही लोक म्हणतात की लई पडतो, काही म्हणतात की काडीचा पडत नाही. आतलं गणित कुणी दाखवत नाही, आम्ही सगळे अंदाजपंचे चाललेले. मी मात्र छातीठोकपणे सांगते. गिऱ्हाइकाला "कदाचित" हा शब्द आवडत नाही.

माझी एक मैत्रीण दौलताबादला असते. पोरंबाळं व्हायच्या आधी आम्ही दोघी चिकलठाण्याच्या एका ऑफिसात डेटा एंट्री करायचो, शेजारी शेजारी बसून. दुपारी दोघींचे डबे एकाच कागदावर उघडायचे. तिच्या आईच्या हातची तिळाची चटणी संपली की मी रुसायचे. ती बौद्ध, मी शेतकरी मराठ्याच्या घरातली. पण ते आमच्यात कधी आलं नाही, असं मी सगळीकडं मोठ्या तोऱ्यात सांगायचे. ऑफिस बंद पडलं. ती सासरी दौलताबादला गेली, आणि किल्ला बघायला येणाऱ्यांना पुढच्या खोलीत जेवू घालायला लागली. पिठलं, भाकरी, ठेचा, आधी सांगितलं तर शेंगोळे. तिची साइट मी बनवली. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम.

चांगलं झालं, कारण लिहिलं तिनं. मी म्हणाले होते, जेवणाचे चार फोटो टाकू, फोन नंबर टाकू, झालं. ती म्हणाली, "थांब की. माणूस जेवायला नाय येत इथं, किल्ला बघायला येतो. त्याला आधी किल्ल्याचं सांगू." मग तिनं लिहून दिलं, ऊन चढायच्या आत वर जा. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या त्या काळोख्या भुयारात शिरल्यावर उगाच टॉर्च वर मारू नका, वटवाघळं बिथरतात. चप्पल घालू नका, बूट घाला. गुडघे दुखणाऱ्या माणसानं कुठपर्यंत जावं आणि कुठं बसून बाकीच्यांची वाट बघावी, हे तिनं सासूला नेऊन, जागा बघून लिहिलं होतं. लोक ते पान शेवटपर्यंत वाचायचे. पुण्याचे, दिल्लीचे, कुठले कुठले. वाचता वाचता खाली जेवणाचं यायचं आणि ते फोन करायचे. दौलताबादजवळ घरगुती जेवण कुठं मिळतं असं शोधलं की बरेच दिवस तीच पहिली असायची.

त्या पानावर तिच्या पुढच्या खोलीचा एक फोटो होता. दोन टेबलं, बाकडी, पाण्याचा माठ. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातली ती दुसरी तसबीर, जिच्याखाली मराठी माणसाला नाव लिहावं लागत नाही. फोटो काढताना मी सहज म्हणाले होते, जरा बाजूनं काढू का? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप सरळ उभी राहून काढला. ती म्हणाली, "येणाऱ्याला आधीच दिसू दे. आत बसून तोंड वाकडं करण्यापेक्षा घरूनच काय ते ठरवू दे त्याला." खाली तिचं पूर्ण नाव, आडनावासकट. पुढं कधी भेटली की ती हे आवर्जून सांगायची, इतकी माणसं आली, पण त्या फोटोपायी एक पण परत गेलं नाय. हे सांगताना ती ताठ बसायची. जेवणाच्या धंद्यापेक्षा तिला याचं जास्त मोल होतं, हे मला माहीत होतं.

आता माझ्या थोरल्या जावेचं सांगते. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांची शेती दौलताबादच्याच रस्त्याला, शरणापूरच्या अलीकडं. हुरड्याच्या दिवसांत त्यांनी शेतावर बाजा टाकल्या, बैलगाडी रंगवली आणि हुरडा पार्टी नि घरगुती जेवण सुरू केलं. बाई हिकमती आहेत, यात वाद नाही. मला म्हणाल्या, "घरातच वेबसाइटवाली असल्यावर बाहेर कशाला जायचं?" मी बनवून दिली. पण त्यांना सगळं घाईत पाहिजे होतं. लिहायला काही दिलं नाही, कुठल्याशा दुसऱ्या साइटवरचा मजकूर आणून माझ्या तोंडावर मारला. त्यांचं पान माझ्या मैत्रिणीच्या खाली आलं. रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "अगं, ती वरची हलली का नाय?"

वरची साइटसुद्धा मीच केलीय, हे मी त्यांना सांगितलं नाही. ती माझी मैत्रीण आहे, हेही नाही. का, तर उगाच कशाला विषय, म्हणून. माझी ही "उगाच कशाला" म्हणायची सवय मला तेव्हा मोठी शहाणपणाची वाटायची.

गेल्या संक्रांतीला जावेनं शेतावरच हळदीकुंकू ठेवलं. कॉलनीतल्या, नात्यातल्या बाया झाडून सगळ्या आल्या. वाण म्हणून स्टीलच्या डब्या होत्या आणि झाकणावर त्यांच्या साइटचं नाव छापलेलं. माझी मैत्रीण अर्थातच नव्हती. ती कुंकू लावत नाही, हे सण पाळत नाही, मग बोलावून तिला कशाला अवघडात टाकायचं, असं मी दरवर्षी स्वतःला सांगायचे. माझ्या घरच्या हळदीकुंकवालाही मी तिला कधी बोलावलं नव्हतं. संक्रांत सोडून वर्षात बाकीचे दिवस असतात, त्या दिवशी तरी किती वेळा बोलावलं, ते मी मोजलं नाही.

डब्या वाटून झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "आता आमच्या वेबसाइटवाल्या बाईंना विचारा, हे वर-खाली कसं ठरतं ते." सगळ्या माझ्याकडं वळल्या. इतकी वर्षं या बायांना माझं काम म्हणजे दिवसभर फोन बघत बसणं वाटायचं. पहिल्यांदाच त्या ऐकायला बसल्या होत्या. मला चेव आला. मी म्हणाले, समजा तुमच्या दारात एक बाई आली. उंबऱ्यातूनच आत डोकावली, बसली नाही, पाणी घेतलं नाही, आणि तशीच फिरून शेजारच्या घरी गेली. तिथं मात्र तासभर बसली, चहा घेतला. असं दहा बायांनी केलं, तर गल्ली काय म्हणेल? सर्चचंही तसंच असतं. ते बघत बसतं, कोण कुणाच्या दारातून परत गेलं आणि कोण कुठं बसलं.

बाया हसल्या. लगेच कळलं त्यांना. हळदीकुंकवाला येऊन न बसता जाणं म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायची गरजच नव्हती. मी कुणाच्या दाराबद्दल कुठलं उदाहरण देतेय, हे माझं मलाच कळलं नाही. जावेनं फोन काढला. म्हणाल्या, "म्हंजे आपण सगळ्यांनी दौलताबादचं घरगुती जेवण शोधायचं, त्या वरच्या बाईच्या दारातनं लगीच मागं फिरायचं, आणि आपल्याकडं येऊन बसायचं. व्हय ना?" मी हसून म्हणाले, "तसं काही होत नसतं हो ताई, एवढ्यानं." पण ते "करू नका" नव्हतं. उलट माझं समजावणं इतकं नेमकं पोचलं म्हणून मला आतून बरंच वाटत होतं. त्यांनी तिथल्या तिथं बायांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, रोज सकाळी दिवा लावला की एकदा हे करायचं.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. बाया कसल्या विसरतात. एकीनं कणीक मळताना जावेचं पान पिठाच्या डब्याला टेकवून उघडं ठेवायला सुरुवात केली, मधेच पिठाच्या बोटानं वर सरकवायची. एकीचं माहेर कन्नड तालुक्यातल्या पिशोरचं, तिनं भावजयांनाही कामाला लावलं. रोज ग्रुपवर "झालं", "माझं पण झालं" असं यायचं. मीही त्या ग्रुपमध्ये होते. मी वाचायचे आणि फोन उलटा ठेवायचे.

आणि तिकडं दौलताबादला माझी मैत्रीण रोज सकाळी आकडे बघायची. आकडे बघायला तिला मीच शिकवलं होतं. किती लोक आले, किती वेळ थांबले, कुठून आले. थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. "अगं, लोक येताहेत पुष्कळ. पण येतात आन् लगीच जातात. काय बिघडलंय का पानात?" मी म्हणाले, बघते. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा म्हणाले, अजून बघते. खरं म्हणजे बघायचं काय होतं? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिला सांगायचं म्हणजे जावेचं नाव सांगायचं, आणि त्याआधी, ही युक्ती त्यांना सुचली कुणामुळं, ते सांगायचं.

जावेला एकदा सुचवून बघितलं. म्हणाले, "ताई, ते आता बंद करा की. त्या बाईचं पण पोट त्याच्यावरच हाय." त्या म्हणाल्या, "धंदा हाय गं. आपण काय तिच्या घरात शिरून चूल विझवली का?" नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, घरात भांडण नको, हुरड्याचे दिवस संपले की आपोआप थांबेल. मी, जी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून अर्धा रस्ता वाद घालते, ती मुकाट्यानं भाकरी थापायला लागले.

तिची साइट खाली घसरली. त्या बायांमुळंच घसरली का, ते मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. सर्चमध्ये असं वर-खाली होतच राहतं. दुसरं एखादं नवीन पान आलं असेल, त्यांच्या आतल्या गणितात काही बदललं असेल. ही खात्री नसणं मला तेव्हा लई उपयोगी पडलं. रोज रात्री पाठ टेकताना मी त्याचीच उशी केल्यागत झोपायचे. कदाचित त्यामुळं नसेलही. गिऱ्हाइकाला कधी न सांगितलेला हा "कदाचित" मी माझ्यासाठी राखून ठेवला होता.

मग एक दिवस तिचा फोन आला तो वेगळाच. आवाज शांत होता. म्हणाली, "मला कळलं, लोक परत का जातात ते." मला वाटलं, हिला कुणीतरी सांगितलं. पण ती म्हणाली, "मी आकडे नीट बघितले. लांबची माणसं थांबतात, पुण्याची, दिल्लीची, सगळी वाचतात. जवळचीच परत जातात. आपल्या शहरातली, कन्नडकडची. का, तर जवळच्यांना आडनाव कळतं. भिंतीवरची तसबीर कळते. लांबच्यांना काय, त्यांना घरगुती जेवण पाहिजे." तिनं हे एखादं गणित सोडवल्यासारखं सांगितलं. आणि गणित बरोबर होतं. आकडे तिनं अगदी बरोबर वाचले होते.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "काहीतरीच काय. आता कोण बघतं गं हे? तुझ्या डोक्यात भूत बसलंय." ती म्हणाली, "मग तू सांग दुसरं कारण." मी म्हणाले, साइट जरा हळू उघडते, त्यामुळं असेल. मी फोटो बारीक केले, बटणांची जागा बदलली, काहीबाही केलं आणि तिला सांगितलं की आता बघ, होईल ठीक. त्यानंतर ती दर दोन-चार दिवसांनी हेच विचारायची आणि मी हेच सांगायचे. कधी हसून, कधी चिडून. "येडी हायस का तू? शिकलेली बाई असं बोलते?" असंसुद्धा म्हणाले. तिला गप्प करायला मला माझा हा तोंडाळपणा बरा सापडला.

शेवटी ती म्हणाली, "तो फोटो काढ. आन् आडनाव काढ. नुसतं नाव राहू दे." मी म्हणाले, नको. ती म्हणाली, "माझी साइट हाय ना? काढ." मी काढला. त्या जागी भाकरीचा जवळून काढलेला फोटो टाकला. दोन मिनिटांचं काम. तेवढ्या दोन मिनिटांत मी सांगू शकले असते, फोन माझ्या हातातच होता. मी "झालं बघ" एवढंच लिहून पाठवलं. ग्रुपवरच्या बाया लिहायच्या तसंच, हे पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं.

रथसप्तमी झाली. हळदीकुंकवाचे दिवस सरले, हुरडा संपला, पोरांच्या परीक्षा जवळ आल्या आणि बायांचा त्या खेळातला रस आटला. ग्रुपवर पुन्हा सुप्रभात आणि साड्यांचे फोटो यायला लागले. आणि माझ्या मैत्रिणीची साइट हळूहळू वर चढली. जवळची माणसं परत जायची थांबली. तिचा फोन आला. आवाजात आनंद होता का, तर होता, पण असा आनंद मी तिचा कधी ऐकला नव्हता. म्हणाली, "बघ. मी म्हणलं नव्हतं? फोटो काढला आन् वर आलो." माझ्या गप्प बसण्यातून तिला तिचा पुरावा मिळाला होता, आणि असा पक्का पुरावा की आता तो जन्मभर तिच्याजवळ राहणार होता.

पानावर टाकायला नवीन फोटो पाहिजेत म्हणून तिनं मला बोलावलं. मी दुपारची गेले. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि आधी भिंतीकडं बघितलं. भिंत मोकळी होती. दोन खिळे तेवढे राहिले होते. मी विचारायच्या आत तिच्या सासूबाईच बोलल्या. या बाईंच्या हातचं मी कितीदा जेवलेय, मी त्यांना मावशी म्हणते. कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आतल्या खोलीत लावल्यात. तुमच्या कंप्युटरनं सांगितलं म्हणं, गिऱ्हाईक परत जातं म्हणून. ह्यांनी घर बांधलं तवा पैलं त्या लावल्या होत्या, मग चूल मांडली." मैत्रीण सासूला म्हणाली, "आत्या, असू द्या ना आता. आत हायत की, कुठं गेल्यात?"

तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी बाकड्यावर बसले आणि सगळं सांगितलं. जावेचं, हळदीकुंकवाचं, मी दिलेल्या उदाहरणाचं, रोज सकाळी दिवा लावून केलेल्या त्या उद्योगाचं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही सांगितलं. म्हणाले, "तुझ्या फोटोपायी कुणी परत गेलं नाही गं. तो नुसता धंद्याचा चावटपणा होता. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तरी त्यांनी हेच केलं असतं." सांगताना मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला, कारण रडायचा हक्क त्या खोलीत मला नव्हता.

ती उठून आत गेली आणि निळ्या कोटातली तसबीर घेऊन आली. पदरानं काच पुसली. मला म्हणाली, "ते स्टूल धर जरा, डुगडुगतं." मी धरलं. ती वर चढली. मला केवढं हायसं वाटलं, म्हणून सांगू. वाटलं, मिटलं. शिव्या देईल, चार दिवस बोलणार नाही, पण मिटलं. तिनं दोरी खिळ्यात अडकवली आणि वरूनच, माझ्याकडं न बघता म्हणाली, "एक सांग. त्या बायांना माहीत होतं का, मी कोण ते? माझं नाव वाचलं होतं का कुणी?"

हळदीकुंकवाचं सगळं सांगितलं, असं मी तिला म्हणाले होते. इथंही तसंच लिहिलंय. पण एक गोष्ट मी तिथंही सोडली आणि इथंही. जावेनं फोन काढला तेव्हा शेजारच्या बाईनं त्यात डोकावून माझ्या मैत्रिणीचं आडनाव मोठ्यानं वाचलं होतं. दुसरीनं विचारलं, "म्हंजे त्यांच्यातली का?" जाऊबाई मानेनंच हो म्हणाल्या. तेव्हा तिसरी म्हणाली, "मग थांबायचा सवालच नाय," आणि सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी तिळगुळाचं ताट पुढं सरकवलं.

मी "नाय" म्हणू शकले असते. ती वरती होती, तिला माझा चेहरा दिसत नव्हता. पण मावशींनी लसूण सोलायचं थांबवलं होतं आणि त्या थेट माझ्याकडं बघत होत्या.

"व्हय," मी म्हणाले. "वाचलं होतं." आणि मग उरलेलं सांगितलं, ताट सरकवल्यासकट.

तिनं दोन्ही हातांनी तसबीर सरळ केली. नीट बसली का ते मान मागं घेऊन बघितलं.

"म्हंजे मी येडी नव्हते," ती म्हणाली. "आन् तू मला एवढे दिवस येडी म्हणत होतीस."

उतरताना स्टूल हललं. मी आधाराला हात पुढं केला. ती भिंतीला धरून उतरली.